‘नुसती भूल द्यायची आहे’ असं रुग्णाला सांगू नका

सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ आणि नर्सिंग होम चालवणाऱ्या माझ्या सगळ्या सहकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी भूलतज्ज्ञ आहे. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी गेली तेवीस वर्षं काम करते आहे. माझं स्वतःचं रुग्णालय नाही, ओपीडी नाही, दारावर पाटी नाही. सकाळी सातला एकीकडे सिझर, साडेनऊला दुसरीकडे हर्निया, दुपारी तिसरीकडे मांडीचं हाड. गाडीच्या डिकीत घशात बघायचा लॅरिंगोस्कोप, ट्यूबा आणि औषधांची पेटी घेऊन मी तुमच्याकडे येते. तुमच्यातल्या अनेकांबरोबर मी रात्री-अपरात्री टेबलाशी उभी राहिले आहे. आई आणि बाळ दोघंही हातातून जातात की काय, अशा रात्री आपण एकत्र काढल्या आहेत. त्या नात्यावर भरवसा ठेवून हे लिहिते आहे. एकेकट्याला दोन केसेसच्या मधल्या चहाच्या वेळी हे सांगून झालं आहे. तेव्हा सगळे ‘खरं आहे मॅडम’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच होतं. म्हणून आता सगळ्यांना एकदम, चारचौघांत सांगते आहे.

गेल्या महिन्यात पित्ताशयातल्या खड्यांसाठी एक बाई टेबलावर होत्या. वय पंचेचाळिशीच्या आसपास. दोन्ही हात बाजूच्या फळ्यांवर बांधलेले, छातीवर ईसीजीचे स्टिकर, बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा. नखावर जुनी मेंदी गडद होती म्हणून मी चिमटा काढून दुसऱ्या बोटाला लावत होते. त्यांनी विचारलं, ‘तुम्ही शिष्टर का?’

म्हटलं, ‘नाही, मी भुलीची डॉक्टर.’

‘भूल द्यायला येगळा डॉक्टर असतो?’ आणि मग जरा थांबून, ‘भ्या वाटायलंय हो मॅडम. मी उठन ना?’

हात गार पडलेला, मॉनिटरवर नाडी १२४. त्यांना मी त्याआधी कधीही पाहिलं नव्हतं. सर हात धुऊन, ग्लोव्हज घालून पलीकडे उभे होते. आदल्या संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं शांतपणे बसून जे बोलायला हवं होतं, ते मी दीड मिनिटात उरकलं. दात हलतात का, मिश्री लावता का, दमा आहे का, आधी कधी ऑपरेशन झालं होतं का, तेव्हा काही त्रास झाला होता का. त्या प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होत्या. होकाराला आणि नकाराला सारखीच. ऑपरेशन नीट झालं, बाई घरी गेल्या. पण ‘भूल द्यायला वेगळा डॉक्टर असतो?’ हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही, कारण त्यांना तो टेबलावर पडेपर्यंत पडायचं कारणच नव्हतं. त्यांच्या केसपेपरवर रुग्णालयाचं नाव होतं, तुमचं नाव होतं, फिजिशियनने दिलेलं ‘फिट’ लिहिलेलं पत्र होतं. माझं नाव कुठेच नव्हतं. आणि त्यांना सांगितलं काय होतं? ‘घाबरू नका, नुसती भूल द्यायची आहे.’

हे ‘नुसती’ बंद करा, एवढंच माझं मागणं आहे. बाकी सगळं पत्र त्याच एका शब्दाबद्दल आहे.

धीर द्यायला तुम्ही तो शब्द वापरता, हे मला कळतं. पण त्या एका शब्दातून रुग्णाच्या मनात भुलीचं एक चित्र तयार होतं. कुणीतरी येऊन एक इंजेक्शन देतं, आपण झोपतो, तो माणूस निघून जातो, खरे डॉक्टर ऑपरेशन करतात आणि शेवटी भूल आपली आपण उतरते. आपल्याकडच्या दहातल्या आठ माणसांच्या डोक्यात हेच आहे. ही त्यांची अडाणी समजूत नाही, आपणच ती त्यांना पुरवलेली आहे. जी गोष्ट ‘नुसती’ आहे तिच्याबद्दल माणूस प्रश्न विचारत नाही, काही लपवायचं नसतं तरी सांगायचं राहून जातं, आणि काही बिघडलं की तोच माणूस म्हणतो, ‘भूल जास्त झाली.’ आपल्या भागात टेबलावर कुणीही गेलं, कशानेही गेलं, तरी बाहेर पहिलं वाक्य हेच असतं. आत कोण होतं, काय करत होतं हे कुणाला माहीतच नसेल तर दुसरं काय म्हणणार?

खरं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण हे पत्र तुमचे रुग्णही वाचतील म्हणून लिहिते. पूर्ण भूल म्हणजे झोप नाही. झोपलेल्या माणसाला चिमटा काढला तर तो उठतो, पोटावर सुरी चालवली तर उठणारच. दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल शिरेत गेलं की अर्ध्या-पाऊण मिनिटात माणूस बेशुद्ध होतो आणि बहुतेकदा त्याचा श्वास थांबतो. मग स्नायू सैल करणारं औषध देते. आता तो स्वतःहून छाती हलवू शकत नाही, खोकू शकत नाही, थुंकी गिळू शकत नाही. त्या क्षणापासून त्याचा प्रत्येक श्वास माझा असतो. श्वासनलिकेत ट्यूब घालून ती मशीनला जोडेपर्यंतचा वेळ मी घड्याळाकडे न बघताही मोजत असते. पुढचा तास-दीड तास नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड, गेलेलं रक्त, लघवी, अंगाचं तापमान हे सगळं माझ्याकडे. शेवटी त्याला परत त्याच्या श्वासावर आणायचं. भूल उतरत नसते, ती उतरवावी लागते.

ऑक्सिमीटरचा ‘टिक टिक’ आवाज तुम्ही रोज ऐकता. रक्तातला ऑक्सिजन कमी होऊ लागला की त्या आवाजाची पट्टी खाली येते. तुम्ही आत आतड्यात गुंतलेले असता, मी चार्ट भरत असते, तरी ती पट्टी एका अंशाने उतरली की माझी मान वर येते. हे यंत्र ज्या तत्त्वावर चालतं ते जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडलं. त्याआधीचे लोक ओठ आणि नखं निळी पडतात का ते बघत, आणि निळं दिसेपर्यंत उशीर झालेला असे.

आपल्या भाषेतला ‘भूल’ हा शब्दच या गैरसमजाला हात देतो असं मला कधी कधी वाटतं. भूल पडते, भूल घातली जाते, रानभूल लागली की माणूस ओळखीच्या वाटेवर फिरत राहतो. त्या शब्दात जादू आहे, देणाऱ्याचं राबणं कुठेच नाही. जुनी माणसं ‘क्लोरोफॉर्म दिलं’ म्हणायची, त्यात निदान एका औषधाचं नाव तरी होतं. आणि त्या क्लोरोफॉर्मशी आपल्या मराठवाड्याचा धागा आहे, तो आपल्याला शाळेत कुणी शिकवत नाही. बोस्टनला १६ ऑक्टोबर १८४६ रोजी विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथर देऊन मानेवरची गाठ काढू दिली, तो दिवस आपण भूलदिन म्हणून पाळतो. पुढच्या वर्षी एडिनबरोत सिम्प्सन या डॉक्टरांनी क्लोरोफॉर्म आणलं. आणि १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना त्याच क्लोरोफॉर्मखाली दगावली. नख काढायचं होतं! शस्त्रक्रिया केवढीशी, आणि भूल? क्लोरोफॉर्मने माणूस श्वास थांबून दगावतो की हृदय थांबून, यावर पुढे चाळीस वर्षं वाद चालला. त्याची तड लावायला १८८८ आणि १८८९ साली दोन आयोग बसले ते हैदराबादला, निजामाच्या पैशावर, डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने. आपण तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होतो. त्याच हैदराबादेत शिकून क्लोरोफॉर्म देण्याचं काम हाती घेतलेल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये गणल्या जातात. टेबलावरची बाई मला ‘शिष्टर का’ विचारते तेव्हा मला हटकून रूपाबाई आठवतात.

आता चहाची गोष्ट सांगते. ही माझ्या हातून घडलेली आहे आणि ती सांगताना आजही माझा आवाज नीट राहत नाही.

नऊ वर्षांचा मुलगा, झाडावरून पडून हाताची दोन्ही हाडं मोडलेली. सकाळी आठची वेळ. घरच्यांना आदल्या दिवशी निरोप होता, ‘उपाशीपोटी घेऊन या.’ सिस्टरने विचारलं, काही खाल्लं का? ‘न्हाई.’ मी विचारलं, आजीने पुन्हा तेच सांगितलं. मी त्याला भूल दिली, तोंडात लॅरिंगोस्कोप घातला आणि घशातून दुधाळ, तपकिरी पाणी वर आलं. त्यात बिस्किटाचा लगदा होता. टेबलाचं डोकं खाली केलं, मान वळवली, सक्शन घातलं. मघा सांगितलेली ती पट्टी खाली खाली जात होती. ९८, ९०, ८२, ७१. त्या आकड्यांना मधे किती सेकंद लागले ते मला सांगता येणार नाही. ट्यूब गेली, फुप्फुस धुऊन काढलं, मुलगा वाचला. पण त्याला मोठ्या गावच्या आयसीयूत हलवावं लागलं, चार दिवस ऑक्सिजनवर होता आणि हाताचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यावर गेलं.

आजी बाहेर बाकड्यावर बसून होत्या. म्हणाल्या, ‘लेकरू रातच्यापासून कळवळायलं होतं. म्या घोटभरच दिला, मॅडम. उपासाला चहा चालतो की.’

उपासाला चहा चालतो की! इतक्या वर्षांत माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. आपण ‘उपाशी’ म्हणतो, आपल्या घरातल्या बायका ‘उपास’ ऐकतात. आणि आपल्या उपासाला चहा चालतो, दूध चालतं, केळं चालतं, साबुदाण्याची खिचडी चालते. त्या माउलीने लपवलं नव्हतं, खोटंही बोलली नव्हती. तिच्या हिशेबाने तिने लेकराला ‘खायला’ काहीच दिलं नव्हतं. भुलीखाली पोटातलं घशात येतं आणि घशातलं छातीत जातं, हे एक वाक्य तिला कुणी सांगितलं असतं, तर तिने त्या पोराला चहाच्या कपाच्या आसपास फिरकू दिलं नसतं. तुम्हाला वाटलं मी सांगेन, मला वाटलं तुम्ही सांगितलं असेल, आणि सिस्टरने कागदावर बरोबरची खूण केली होती.

त्या दिवसापासून मी ‘उपाशी’ हा शब्द सोडला. आता घड्याळ लावून सांगते: तेलकट, मटण-चिकन असं जेवण असेल तर आठ तास आधी बंद. पोळी, बिस्किट, दूध, दुधाचा चहा सहा तास आधी बंद. तान्ह्या बाळाला आईचं दूध चार तास आधीपर्यंत. आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. हे शेवटचं तुमच्यासाठीही आहे. ‘रात्री बारानंतर काही नाही’ असा सरसकट हुकूम सोडून दुपारी दोनला केस घेतली जाते, तेव्हा मधुमेहाची म्हातारी बाई चौदा तास पाण्याविना पडलेली असते. ती सुकलेली असते, तिची शीर सापडत नाही, कमरेखाली बधिर करायला मणक्यात औषध दिलं की तिचा रक्तदाब कोसळतो. तिला सकाळी भांडंभर पाणी पिऊ दिलं असतं तर तिचंही भलं झालं असतं आणि माझंही.

मणक्यातल्या इंजेक्शनबद्दल तर गावोगावच्या बायकांचं एकमत आहे. ‘सिझरच्या वक्ताला सुई दिली तवापासून कंबर गेली.’ माझ्या घरी काम करणाऱ्या मावशी म्हणतात, माझी नणंद म्हणते. दहा वर्षांनीही कंबर दुखते आणि दोष त्या एका सुईला जातो. गरोदरपण, बाळंतपण, पुढे पाण्याच्या घागरी, शेतातलं वाकणं, अंगातलं कमी रक्त, यांतल्या कशालाच नाही. सुई टोचलेली जागा दोन-चार दिवस दुखू शकते, ते खरं आहे. वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचा त्या सुईशी संबंध अभ्यासांत दिसलेला नाही. मात्र दुसरा एक त्रास खरा आहे आणि तो आपण सांगत नाही. सुईच्या भोकातून मणक्यातलं पाणी झिरपत राहिलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकं धरतं. उठून बसलं की ठणकतं, आडवं झालं की थांबतं. बारीक सुई वापरली की हे प्रमाण पुष्कळ कमी होतं, आणि झालंच तर त्यावर इलाज आहे. हे आधी सांगितलेली बाई डोकं धरलं की फोन करते. न सांगितलेली बाई घरी अंधाऱ्या खोलीत बाळाला कुशीत घेऊन पडून राहते आणि सासू म्हणते, नाटकं करते.

कमरेखाली बधिर केलेला माणूस जागा असतो, याची आठवणही तुम्हाला करून द्यावीशी वाटते. दोन वर्षांपूर्वी एक निवृत्त गुरुजी खुब्याच्या हाडासाठी टेबलावर होते. एका कुशीवर झोपवलेले, मधे हिरवा पडदा. पडद्याच्या या बाजूला त्यांचं डोकं आणि मी. त्या बाजूने आवाज आला, ‘हाड पार भुसभुशीत आहे रे, हा स्क्रू काय धरतोय.’ मग हसणं, मग कुणाच्या तरी प्लॉटचा भाव. गुरुजींनी काही विचारलं नाही. नुसते डोळे मिटले आणि माझी बोटं घट्ट धरली. डोळ्यातून निघालेलं पाणी नाकावरून आडवं वाहून उशीवर गेलं. मी ते गॉजने पुसलं आणि पडद्यावरून म्हटलं, ‘सर, गुरुजी जागे आहेत.’ तिकडे एकदम शांत झालं. तुम्ही वाईट माणसं नाही आहात. तुमच्याही डोक्यात ‘भूल दिली आहे’ म्हणजे ‘माणूस इथे नाही’ असंच पक्कं बसलेलं आहे, रुग्णांच्या डोक्यात बसलंय तसंच.

‘मी उठन ना?’ याच्या पाठोपाठ येणारा प्रश्न ‘मधेच जाग येईल का?’ हा असतो. हल्ली तरुण मुलं मोबाइलवर काहीबाही बघून येतात आणि हेच विचारतात. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या भूलतज्ज्ञांनी देशभर पाहणी करून २०१४ साली जे प्रसिद्ध केलं, त्यात सुमारे १९ हजार पूर्ण भुलींमागे एका रुग्णाने नंतर आपल्याला जाग होती असं सांगितलं होतं. पूर्ण भूल देऊन केलेल्या सिझरमध्ये हे प्रमाण बरंच जास्त निघालं, सुमारे ६७० मागे एक. मी हे आकडे रुग्णांना सांगते. माझा अनुभव असा आहे की आकडा ऐकून माणूस घाबरत नाही, ‘असलं काही होत नाही’ म्हणून उडवून लावलं की घाबरतो. कारण त्याला कळतं की समोरचा आपल्याला टाळतोय.

संमतीपत्राबद्दल बोलायलाच हवं. आपल्याकडे भुलीची संमती म्हणजे छापील इंग्रजी फॉर्मच्या शेवटची एक ओळ. सही बहुतेकदा नवऱ्याची किंवा दिराची, आणि ती प्रवेशाच्या खिडकीवर, पैसे भरताना घेतलेली. रुग्ण सज्ञान आहे, शुद्धीत आहे, लिहिता-वाचता येतं, तरी तिची सही नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात सांगितलं की तपासणीसाठी भूल दिलेल्या सज्ञान बाईचं गर्भाशय, बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन काढणं चुकीचं होतं. ती शुद्धीवर येईपर्यंत थांबून तिला विचारता आलं असतं. आपल्या भागात तर या गोष्टीची सल ताजी असायला हवी. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांची २०१९ साली सरकारला समिती नेमून चौकशी करावी लागली. तसल्या ऑपरेशनांच्या वेळीही टेबलाच्या डोक्याशी कुणीतरी भूलतज्ज्ञ उभाच होता, हे मी विसरू शकत नाही.

म्हणून अलीकडे मी एक प्रश्न कधीच सोडत नाही. औषध हातात घेण्याआधी विचारते, ‘ताई, तुमचं नाव सांगा. आज कशाचं ऑपरेशन आहे? कोणत्या बाजूचं?’ जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली सुरक्षित शस्त्रक्रियेची जी यादी काढली, तिच्यातली पहिलीच पायरी ही आहे, भूल देण्याआधी रुग्णाच्याच तोंडून खात्री करून घ्यायची. तुमच्यातले काही जण तेव्हा चुळबुळतात, मला दिसतं. पण शुद्धीतल्या रुग्णाशी शेवटचं बोलणारी मी असते. ‘डॉक्टरांना ठाऊक, मला काय म्हाईत’ असं उत्तर आलं तर माझा हात पुढे जात नाही. त्या दिवशी आपली यादी अर्धा तास लांबेल, ती लांबू द्या.

आमच्या बाजूची चूकही मांडते, नाहीतर हे पत्र अर्धंच खरं होईल. आम्ही भूलतज्ज्ञ सहा ठिकाणी पळतो. ‘मॅडम, उद्या आठला एक केस आहे’ असा फोन आला की आम्ही ‘हो’ म्हणतो, वय काय, वजन काय एवढंच विचारतो. तुम्ही व्हॉट्सॲपवर ईसीजीचा फोटो पाठवता, ‘फिट आहे ना?’ विचारता, आणि आम्ही फोटो मोठा करून बघून अंगठा पाठवतो. तो अंगठा मीही शेकडो वेळा पाठवला आहे. फोटोत मिश्रीने काळवंडलेली हिरडी दिसत नाही, न वळणारी मान दिसत नाही, हलणारा दात दिसत नाही. हृदयविकाराची रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे आणि ती बाईने कालही घेतली, हेही दिसत नाही. ती गोळी चालू असताना मणक्यात सुई घातली आणि आत रक्त साकळलं तर पाय कायमचे जाऊ शकतात. ‘कसल्या गोळ्या चालू आहेत?’ या प्रश्नाला बाई म्हणतात, ‘बीपीची एक आणि एक बारकी पिवळी.’ ती बारकी पिवळी कोणती हे मला आदल्या दिवशी, पाकीट हातात घेऊन बघायचं आहे.

रुग्ण खेड्यातून येतो, आदल्या दिवशी थांबायला जागा नसते, एका भाड्याचे पैसे वाढतात, पॅकेजमध्ये बसत नाही, हे तुमचं म्हणणं मला पाठ आहे आणि ते खोटं नाही. पण रक्त-लघवीच्या तपासण्यांसाठी, सोनोग्राफीसाठी, फिजिशियनकडे तो येतोच ना? त्याच फेरीत त्याची माझी गाठ घाला. मी तुमच्याकडे कुठल्या दिवशी कुठल्या वेळी असते ते तुम्हाला माहीत असतं. दोन केसेसच्या मधे मला वीस मिनिटं आणि तो माणूस द्या. रात्री दोनला रक्तस्राव होत असलेल्या बाईसाठी मी हे मागत नाही, तेव्हा मी नेहमीसारखी धावत येईन. मी ठरवून केलेल्या ऑपरेशनांबद्दल बोलते आहे, आणि आपली बहुतेक ऑपरेशनं ठरवूनच केलेली असतात.

केसपेपरवर तुमच्या नावाखाली भूलतज्ज्ञाचं नाव लिहा. भुलीचं संमतीपत्र वेगळं करा, मराठीत करा, मोठ्या अक्षरात करा. त्याचा मसुदा मी लिहून ठेवला आहे. एका पानाचा आहे, त्यात खाण्यापिण्याच्या वेळा घड्याळाच्या चित्राने दाखवल्या आहेत. ज्यांना हवा त्यांना मी विनामोबदला देईन, वर तुमच्या रुग्णालयाचं नाव घाला. आणि राउंड घेताना रुग्णाने ‘भुलीचं काय?’ विचारलं तर एवढंच सांगा: ‘भुलीच्या डॉक्टर वेगळ्या आहेत. त्या तुम्हाला भेटायला येतील, त्यांना सगळं विचारा, आणि त्यांच्यापासून काही राखून ठेवू नका. ऑपरेशन संपेपर्यंत त्या तुमच्या उशाशी असतील.’

ज्या थोड्या रुग्णांना मला आधी भेटायला मिळतं, त्यांच्यातला फरक मी टेबलावर बघते. गेल्या आठवड्यात एका आईने चार वर्षांच्या मुलीला टॉन्सिलसाठी ऑपरेशन थिएटरच्या दारात माझ्या हातात दिलं. आदल्या दिवशी ती मुलगी माझ्याबरोबर मास्क तोंडाला लावून फुगा फुगवायचा खेळ खेळून गेली होती. दारात आईचे डोळे भरले, पण मुलगी माझ्या गळ्यात हात टाकून आली आणि म्हणाली, ‘आज कोणत्या रंगाचा फुगा?’ मास्क तिने स्वतः धरला. अशा मुलीला भूल देताना माझाही हात स्थिर असतो.

उद्या सकाळी आठला तुमच्यातल्या एका मॅडमकडे माझी गर्भाशयाची केस आहे. पेशंट दुपारच्या एसटीने त्यांच्या मुलीबरोबर येणार आहेत, असं सिस्टरने कळवलं आहे. मॅडम, मी संध्याकाळी साडेपाचला येते. त्यांना थांबवून ठेवा, त्यांच्या गोळ्यांची पिशवी बरोबर ठेवायला सांगा. तीन खुर्च्या आणि दार लावता येईल अशी एक खोली लागेल.

आपली सहकारी,
एक भूलतज्ज्ञ